खडूशेठ आणि चाळीचा फळा

संगणकावर काम करणाऱ्या माणसाच्या शर्टाचा खिसा खडूने पांढरा झालेला मी आयुष्यात एकदाच पाहिला. कोड लिहायला बसण्याआधी खडूशेठ खिशातून खडूचा तुकडा काढायचे आणि समोरच्या जुन्या लाकडी टेबलावर एक उभी रेघ ओढायचे. रेघेच्या डावीकडे लिहायचे ‘दिसतं’, उजवीकडे लिहायचे ‘असतं’. मग की-बोर्डला हात. मालक रोज ओरडायचे, “अहो, शाळा आहे का ही?” आणि हे रोज संध्याकाळी ओल्या फडक्याने टेबल पुसून द्यायचे. त्यांचं खरं नाव पगाराच्या कागदावर होतं. ऑफिसातली पोरं मात्र त्यांना खडूशेठच म्हणायची, आणि पोरांत राहून मीही शेठ म्हणायला लागलो.

ठाकूरद्वारच्या एका वाडीत, दुसऱ्या मजल्यावर आमचं ऑफिस होतं. दुकानदारांच्या वेबसाइट बनवून द्यायचं काम. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजचं तोंड पाहिलं नव्हतं. वडील तालुक्याच्या बाजारात हमाली करायचे. मी बी.एस्सी.चं प्रमाणपत्र प्लास्टिकच्या फाइलमध्ये घालून तिथे पहिल्या दिवशी गेलो, आणि ते सगळ्यांना दिसेल असं टेबलावर ठेवलं. खडूशेठ स्वतः बारावीला थांबलेले. त्यांनी ते प्रमाणपत्र दोन्ही हातांनी उचललं, पूर्ण वाचलं, जपून परत फाइलमध्ये सरकवलं आणि म्हणाले, “वा. पदवीधर. म्हणजे आता सगळं पहिल्यापासून शिकवायला लागणार.” तेव्हापासून मी ‘पदवीधर’. हाक मारायची तर तीच. “ए पदवीधर, चहा सांग.” “पदवीधर, इकडे ये, काय घाण केलीस बघ.” त्या हाकेत टोमणा असायचा, पण दुसऱ्या कोणी मला त्या नावाने हाक मारली की त्यांना चालायचं नाही.

ऑफिसचं काम ते पोटासाठी करायचे. त्यांचं खरं काम वेगळं होतं. ठोकळ्यांवर ठोकळे रचून घरं, गावं बांधायचा एक खेळ आहे. जगभरची मुलं तो संगणकावर खेळतात. त्या खेळात आपल्याला हवी ती भर घालता येते, त्या भरीला मॉड म्हणतात. खडूशेठनी त्या खेळात लालबागची आपली चाळ बांधली होती. खरी चाळ पुनर्विकासासाठी पाडली गेली होती आणि तिच्या जागी नुसता पत्र्याचा कुंपणवजा आडोसा उभा होता. माणसं विखुरली होती, कोणी विरारला, कोणी डोंबिवलीला, काही तर पार बदलापूरला. खडूशेठ परळच्या संक्रमण शिबिरातल्या एका खोलीत एकटे राहायचे, आणि त्या खोलीत एका जुन्या संगणकावर त्यांची चाळ चोवीस तास चालू असायची. दर रविवारी सकाळी दहाला लोक आपापल्या घरून तिथे यायचे. खेळातल्या प्रत्येकाच्या बाहुल्याच्या डोक्यावर नावाऐवजी खोलीचा नंबर. एकवीस नंबरच्या काकी नातवाला बाजूला बसवून यायच्या आणि तासभर गॅलरीत नुसत्या उभ्या राहायच्या.

हे काम मला शिकवताना त्यांनी पहिला धडा दिला तो क्लायंट आणि सर्व्हर वेगळे ठेवण्याचा. आपल्या समोरच्या संगणकावर जे चालतं ते क्लायंट. सगळ्यांचं मिळून जे एक जग, ते ज्या संगणकावर राहतं तो सर्व्हर. माझ्या चेहऱ्यावर काही उमटलं नाही हे बघून ते म्हणाले, “हे बघ. आपापल्या खोलीत तू भिंत निळी लाव, पिवळी लाव, बाहेर कोण विचारतो? ते क्लायंट. पण नळाला पाणी किती वाजता येणार, ते तुझ्या खोलीत ठरतं काय? ते सगळ्यांचं. ते सर्व्हर. आता तू खोलीत बसून पाणी आलं असं धरून चाललास, तर बादली कोरडीच राहणार. कोरडी!” आणि टेबलावर रेघ.

मी पहिली चूक केली ती जिन्यातल्या दिव्याची. दिवा कसा दिसावा, त्याचा पिवळेपणा किती, हे सगळं मी सर्व्हरच्या कोडमध्ये घातलं. सर्व्हर सुरूच होईना. ते खुर्ची ओढून माझ्याशेजारी बसले. “सर्व्हरला डोळे नसतात रे बाबा. त्याला स्क्रीन नाही, काय नाही. आंधळ्याला रंग दाखवतोस आणि वर विचारतोस, पडला कशाला?” दुसरी चूक उलटी होती. लाडूंचा एक खेळ केला होता, त्यात किती लाडू मिळाले ते खेळणाऱ्याच्या संगणकाने सांगायचं आणि सर्व्हरने मान डोलवायची. पहिल्याच रविवारी सतरा नंबरच्या नातवाने काहीतरी खटपट करून हजारो लाडू जमवले. खडूशेठ मला हाताला धरून लालबागच्या मसाल्याच्या गिरणीत घेऊन गेले. ठसका लागून माझे डोळे वाहत होते. एक बाई मिरच्यांची पिशवी देत होत्या, गिरणीवाला म्हणाला, “मावशी, काट्यावर ठेवा.” खडूशेठ माझ्या कानात म्हणाले, “बघितलंस? मावशी खोटं बोलत नाहीत. तरी काट्यावर. गिऱ्हाईक सांगेल ते वजन धरायचं नाही.”

तिसरी गोष्ट मात्र ते पुन्हापुन्हा सांगायचे, आणि सांगताना थट्टा करायचे नाहीत. “एकट्याच्या खेळात सगळं चालतं.” एकटाच खेळत असलात की क्लायंट आणि सर्व्हर दोन्ही तुमच्याच संगणकाच्या पोटात असतात. एकाने ठेवलेली वस्तू दुसऱ्याला आपोआप सापडते. निरोप पाठवायचा राहून गेला असला तरी कळत नाही. “म्हणून दोन मशिनवर बघायचं. दोन वेगळ्या मशिनवर. त्याशिवाय माझ्या चाळीत काही आणायचं नाही.” मी मान डोलवायचो.

खडूशेठना एक थोरला भाऊ होता. त्यांना सगळे दादा म्हणायचे. दोघे एकाच खोलीत वाढले, आईने शिलाई मशीन चालवून दोघांना वाढवलं. चाळ पाडायची वेळ आली तेव्हा दादांनी संमतीच्या कागदावर सही केली आणि ते बदलापूरला गेले. खडूशेठ आईला घेऊन शिबिरात राहिले. दुसऱ्या पावसाळ्यात आई तिथेच गेली. अंत्यविधीच्या दिवशी, सगळ्यांच्या देखत, खडूशेठ भावाला म्हणाले, “आवस तुझ्या सहीन मेली.” हे त्यांनीच मला सांगितलं, एकदाच, खाली बघत. त्यानंतर दोघांत शब्द नव्हता. चाळीचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपही सहीवाले आणि बिनसहीवाले असा फुटला. पण खेळातली चाळ सुरू झाल्यावर काही महिन्यांनी एका रविवारी चौतीस नंबरचा, म्हणजे खडूशेठच्याच खोलीचा, दुसरा बाहुला आला. दादा. मुलीच्या संगणकावरून. चाळभर फिरले, नळापाशी उभे राहिले, गेले. पुढच्या रविवारी पुन्हा. बोलत नव्हते. खडूशेठही बोलले नाहीत. समोरासमोर आहोत म्हटल्यावर आधी कोण बोलणार, हा प्रश्न होता आणि दोघंही एकाच आईचे.

मग एका सोमवारी ऑफिसात ते मला म्हणाले, “पदवीधर, चाळीला फळा पाहिजे.” खऱ्या चाळीत जिन्याच्या तोंडाशी एक फळा होता. पाणी येणार नाही, अमका वारला, सभा आहे, सगळं त्यावर. “फळ्यावर लिहिणं म्हणजे बोलणं नव्हे,” ते म्हणाले. “चाळीत फळा वाचतात सगळे, वाचला असं कबूल कोणी करत नाही. ते बरं असतं.” कशासाठी हवा होता ते मला कळलं होतं, आणि त्यांनी ते काम मला दिलं म्हणून माझी छाती फुगली होती.

मी आठ दिवसांत फळा केला. कोणीही येऊन लिहावं, पुढे तारीख आपोआप पडावी. माझ्या संगणकावर तो सुरेख चालला. लिहिलं, खेळ बंद केला, परत उघडला, अक्षरं जागेवर. बहिणीचा साखरपुडा होता आणि मला गावी जायचं होतं. दुसरं मशीन मिळवायचं म्हणजे ऑफिस सुटल्यावर थांबायला हवं होतं. खडूशेठचे पाय तेव्हा सुजायला लागले होते, दुपारी ते खुर्चीवर पाय वर घेऊन बसायचे. त्यांनी विचारलं, “दोन मशिनवर बघितलंस ना?”

मी म्हणालो, “हो, शेठ.”

एरवी ते माझी प्रत्येक ओळ वाचायचे. त्या दिवशी म्हणाले, “तू बघितलंस म्हणजे झालं. आता तुझं परत कशाला तपासू?” त्यांनी मला दिलेली ती सगळ्यात मोठी शाबासकी होती.

पुढे मला अंधेरीत मोठ्या कंपनीत नोकरी लागली. तीही त्यांच्यामुळेच, मुलाखतीत मला जे विचारलं त्यातलं एकही उत्तर मी कॉलेजात शिकलो नव्हतो. निघताना मी पाया पडलो तर म्हणाले, “पुरे, पदवीधर. पँट मळेल.” नवीन कामात मी रविवारी चाळीत जायचं सोडलं. एकदा डोकावलो तेव्हा फळा कोरा होता. मला थोडं वाईट वाटलं, एवढ्या हौसेने केलेला. दोनच दिवसांनी त्यांचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून म्हणाले, “काय रे, तो फळा चालतो ना?”

मी म्हणालो, “चालतो की. लोक लिहीत नसतील, शेठ.”

मग म्हणाले, “बरोबर. लोक लिहीत नसतील.”

तोवर त्यांची मूत्रपिंडं गेली होती. आठवड्यातून तीनदा रक्त शुद्ध करायला जायचे आणि भावाला कळू द्यायचं नाही अशी शेजाऱ्यांना शपथ घातली होती. शेवटच्या खेपेला मी परळच्या इस्पितळात भेटायला गेलो तेव्हा त्यांचा चेहरा सुजून वेगळाच दिसत होता. म्हणाले, “दादा येईनासा झाला रे. मी विचारलं होतं त्याला फळ्यावर. तीन-चारदा विचारलं. साधंच. वाचायचा असणार, दर रविवारी समोर उभा असायचा. उत्तर नाही दिलं.” मग भिंतीकडे बघत, “मी बोललोच होतो तसं. नाही माफ करत माणूस.” मी त्यांचा हात धरून बसलो होतो. तेव्हाही माझ्या डोक्यात काही आलं नाही. मी म्हणालो, “येतील शेठ, दादा येतील.”

दादा आले ते स्मशानात. बाजूला उभे राहिले, कोणाशी बोलले नाहीत. शेजाऱ्यांनी खोली रिकामी करायचा विषय काढल्यावर त्यांनी मला एवढंच सांगितलं, “ते कॉम्प्युटर तूच ने. मला त्यातलं काही नको.” मी जुना सर्व्हर आणि खडूशेठचा लॅपटॉप माझ्या खोलीवर आणला आणि चाळ पुन्हा चालू केली.

दीड महिन्याने दादांच्या मुलीचा, मयूरीचा, फोन आला. “अहो, बाबांना चाळ बघायचीय. पण ती लागतच नाही.” सर्व्हरची जागा बदलली म्हणजे पत्ता बदलला होता. मी रविवारी बदलापूरला गेलो, तिच्या संगणकावर नवा पत्ता घातला. जिन्याचं तोंड दिसलं, आणि फळा. तो वरपासून खालपर्यंत भरलेला होता.

“हे कोणी लिहिलं?” मी विचारलं.

“बाबांनी. मी टाइप करायचे, ते सांगायचे.”

दादा मागे उभे होते. “एवढं लिहिलं,” ते म्हणाले. “एक अक्षर उत्तर नाही. माजलेलो होतो धाकटो. शेवटपर्यंत माजलेलो.”

माझ्या सर्व्हरवर त्यातली एकही ओळ नव्हती. फळ्यावरचा मजकूर मी अशा जागी ठेवला होता, की एकट्याच्या खेळात ती जागा क्लायंट आणि सर्व्हर दोघांची असते आणि वेगवेगळ्या संगणकांवर प्रत्येकाची वेगळी होते. अक्षरं सर्व्हरला पाठवायची ओळ मी लिहिलीच नव्हती. ज्याने लिहिलं त्याच्याच संगणकात ते राहत होतं आणि त्यालाच दिसत होतं. बाकी सगळ्यांना फळा कोरा. दहा मिनिटं दुसऱ्या मशिनवर बघितलं असतं तर कळलं असतं. मी दादांच्या घरी चहा घेतला आणि काही न बोलता परत आलो.

खोलीवर येऊन खडूशेठचा लॅपटॉप उघडला. त्यांचाही फळा होता. मयूरीच्या संगणकातल्या ओळींचा मी फोटो काढला होता. तारखांप्रमाणे दोन्ही शेजारी ठेवले. खडूशेठ घरच्या मालवणीत लिहायचे. दादा रागात होते, म्हणून अर्जासारखं.

‘दादा, नळ खंय होतो? माका आठवणा नाय.’

दोन दिवसांनी: ‘नळाची जागा चुकली आहे. तो जिन्याच्या डावीकडे होता.’

‘दादा, नळाचा सांग मां. बाकीचा मी बघतंय.’

‘नळ अजूनही उजवीकडेच आहे. तसेच, आईचे मशीन भिंतीपाशी नव्हते, खिडकीपाशी होते.’

‘आवशीची मशीन खंय ठेवू? तुका आठवता काय?’

‘वारंवार सांगूनही दुरुस्ती होत नाही. माझे वाचायचेच नाही असे ठरवले असल्यास तसे कळवावे. यापुढे मी येणार नाही.’

त्याच्या खाली खडूशेठची शेवटची ओळ, इस्पितळात दाखल व्हायच्या आदल्या दिवशीची: ‘दादा, ह्या रविवारी इलंस तर थोडो थांब.’

मी महिनाभर ते कोणाला दाखवलं नाही. दादांना न सांगणं हीच दया आहे, असं स्वतःला समजावत होतो. पण ‘शेवटपर्यंत माजलेलो’ हे शब्द कानातून जाईनात. ज्या माणसाने मला माणसांत आणलं, त्याच्या नावावर माझी चूक नांदत होती. शेवटी मी फळा दुरुस्त केला आणि दोघांच्या जुन्या ओळी तारखेवार त्यात घातल्या. पंचवीस मिनिटं लागली. दोन मशिनवर तपासला. मग लॅपटॉप घेऊन बदलापूरला गेलो.

दादांना मी सगळं सांगितलं. तो ‘हो, शेठ’सुद्धा सांगितला. मयूरीने दुरुस्त फळा उघडला, दोघांच्या ओळी एकाखाली एक आल्या. दादांनी चष्मा लावला. ते ओठ हलवत, हळूहळू वाचत होते. खालपर्यंत गेले, मग परत वरून सुरुवात केली. मला वाटलं, आता मला मारतील. मारलं असतं तर बरं झालं असतं.

“म्हणजे त्याने वाचलं नाही,” ते म्हणाले.

“नाही, दादा.”

“आणि मी थांबलो नाही.”

स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली आणि वहिनींनी गॅस बारीक केला. दादा माझ्याकडे न बघता म्हणाले, “हे तू मला सांगूक नको होतंस. तो रागावून गेलो, असा धरून मी उभो होतंय. आता काय धरू?”

मी आजही त्याचं उत्तर शोधतो आहे. ऑफिसात माझ्या हाताखाली आता सहा मुलं आहेत, मला सर म्हणतात, आणि त्यांना वाटतं मी फार जपून काम करणारा माणूस आहे.

मयूरी रडत होती. ती म्हणाली, “बाबा, नळ डावीकडे घेऊ? दोन मिनिटांचं काम आहे. आणि आजीची मशीन खिडकीपाशी.”

“नको,” दादा म्हणाले. “त्याने ठेवलाय तिथेच असू दे.”

थोड्या वेळाने मी उठलो. लॅपटॉप तिथेच ठेवला, चपला घातल्या. “येतो, दादा,” मी म्हणालो. त्यावर ‘ये’ म्हणायची आपल्याकडे रीत आहे. दादा दारापर्यंत आले, माझ्यासाठी कडी काढली, आणि काही म्हणाले नाहीत.